मागची बाजू बघणारे साहेब

साहेबांबद्दल लिहायला बसले तेव्हा सवयीप्रमाणे आधी यादी केली. सतरा मुद्दे निघाले. त्यातले पाच छापण्याजोगे नाहीत आणि तीन कुणाला खरे वाटणार नाहीत. उरलेल्या नवांचा क्रम लागेना. साहेब कुठल्याही टोकाने धरले तरी दुसऱ्याच टोकाने सुरू व्हायचे. शेवटी यादी बाजूला ठेवली आणि आठवेल तसं लिहिते आहे. माझ्याकडून असं फारसं घडत नाही.

चाकणच्या ज्या कारखान्यात मी वीस वर्षं काढली, तिथे ट्रकच्या ब्रेकला लागणारे व्हॉल्व्ह बनायचे. साहेब तपासणी विभागाचे प्रमुख. मी प्लॅनिंगला. कुठला माल किती, कधी, कुठल्या गाडीत चढणार ते मी ठरवायची. म्हणजे माल वेळेवर बाहेर काढणं हे माझं काम आणि तो अडवणं हे त्यांचं. तरी आमचं पटायचं, कारण दोघांनाही दुसऱ्याचं अक्षर आणि तिसऱ्याचं तोंडी आश्वासन या दोन गोष्टी चालत नसत.

ते कुणालाच नावाने हाक मारत नसत. खात्याच्या नावाने मारत. "काय स्टोअर, चहा झाला का?" "मेंटेनन्स, जरा इकडे या." मी कायमची 'प्लॅनिंग'. पुढे माझं खातं बदललं, हुद्दा बदलला, कंपनीही बदलली, पण त्यांचा फोन आला की पलीकडून आवाज यायचा, "प्लॅनिंग, मोकळ्या आहात का?" स्वतःच्या बायकोला ते 'फायनल' म्हणत. बाजारातून काहीही आणलं तरी शेवटची तपासणी तिथे होते, म्हणून. काकूंना त्याचं काही वाटत नसे. उलट कुणी विचारलं तर त्या ऐटीत सांगायच्या, "मी पास केल्याबिगर ह्या घरात मेथीची जुडीबी शिरत न्हाई."

साहेबांच्या खिशात पेनाशेजारी दोन वस्तू असत. एक बोटाएवढा टॉर्च आणि दुसरा दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला लांब दांड्याचा छोटा गोल आरसा. कारण असं की धातूत भोक पाडलं की पलीकडच्या कडेला एक बारीक काटा उरतो. कारखान्यात त्याला 'बर' म्हणतात. व्हॉल्व्हच्या आत भोकाला भोकं मिळतात, मधे खाचा असतात. समोरून बघितलं तर सगळं लख्ख दिसतं. बर असतो तो खाचेच्या पाठीमागे. आणि तो काटा पुढे कधीतरी सुटला, ब्रेकच्या आत अडकला, तर उतारावरच्या ड्रायव्हरने काय करायचं? म्हणून साहेब आरसा आत घालून पाठीमागे बघायचे आणि दुसऱ्याने तपासलेल्या मालावर एकच प्रश्न विचारायचे, "मागची बाजू बघितली का?"

हा प्रश्न कारखान्यातच राहिला असता तर ठीक होतं. लग्नात पंगतीला बसले की ताट उचलून खालून बघत. कपाट घ्यायला गेले तर दुकानदाराला ते भिंतीकडे तोंड करून उभं करायला लावत. एकदा मेव्हण्याच्या मुलासाठी मुलगी बघायला सगळे गेले होते. कांदेपोहे आले, मुलगी आली, आणि साहेब गायब. दहा मिनिटांनी घराला मागून वळसा घालून परत आले आणि काकूंच्या कानात म्हणाले, "धुणं झटकून वाळत घातलंय, भांड्यांची बूडं घासलेली आहेत. माणसं चांगली आहेत." काकूंना हसू आवरेना. लग्न ठरलं, आणि उत्तम चाललंय.

तोंडाने कौतुक करणं त्यांना जमायचं नाही. पास झालेल्या मालावर आम्ही हिरव्या रंगाचा ठिपका देत असू. साहेबांच्या लेखी तीच शाबासकी. एका दिवाळीत मी त्यांना रव्याच्या लाडवांचा डबा दिला होता. रिकामा डबा परत आला तेव्हा आभाराचा शब्द नव्हता. घरी घासायला घेतला तर बुडाला हिरवा ठिपका.

आमचं एकदाच कडाक्याचं वाजलं. महिनाअखेर होती, गाडी गेटवर लागलेली, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि भरलेल्या मालातल्या एका व्हॉल्व्हमध्ये साहेबांना बर दिसला. अख्खी गाडी उतरवायला लावली. कारखान्याचे मॅनेजर धावत आले.

"अहो, एवढ्या मालात एक निघाला! एक!"

"एक निघाला नाही, एक मला दिसला," साहेब म्हणाले.

"आणि बाकीच्यांत नसला तर?"

"तर गाडी उशिरा जाईल."

"आणि गाडी उशिरा गेली तर मी वर काय सांगू?"

"प्लॅनिंगला विचारा. वेळ त्यांच्या खात्यात."

मी तेव्हा त्यांच्याकडे जे बघितलं, ते सतरापैकी न छापण्याजोग्या पाचांत मोडतं. माल उतरवला, पुन्हा तपासला, आणखी सात निघाले. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक व्हॉल्व्ह आणि शेजारी तो आरसा ठेवलेला. मी आरसा घालून आत बघितलं. खाचेच्या पाठीमागे मिशीच्या केसाएवढा काटा चमकत होता. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी भांडायचं सोडलं नाही, पण आवाज खाली आला.

ते निवृत्त झाले. मोशीला त्यांचं मूळ घर, पण जमिनीची वाटणी झाल्यावर ते चिंचवडला एका सोसायटीत राहायला आले होते. निवृत्तीनंतर चारेक वर्षांनी एका सकाळी फोन आला.

"प्लॅनिंग, एक जॉब आलाय. शेड्यूल करून पाहिजे."

कारखान्यात मशीनवर चढणाऱ्या कुठल्याही तुकड्याला जॉब म्हणतात. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही आता कुठे जॉब घेऊन बसलात? कसला आहे?"

"मी आहे."

सोसायटीत आरोग्य शिबिर झालं होतं. तिथे शौचाची एक तपासणी केली, डोळ्यांना न दिसणारं रक्त जातंय का ते कळतं तिच्यात. साहेबांच्या रिपोर्टमध्ये रक्त निघालं होतं. पुढची पायरी म्हणजे मोठ्या आतड्याची आतून तपासणी, कोलोनोस्कोपी. हे सगळं त्यांनी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तशा आवाजात सांगितलं. मग काकूंनी फोन हातात घेतला.

"ताई, ह्यांचे थोरले भाऊ ह्याच दुखण्यानं गेले. रक्त पडायचं, मूळव्याध हाय म्हणून वरीसभर अंगावर काढलं. कळलं तवा हातात काय ऱ्हायलं न्हवतं. तुमी या बरं. माझं हे ऐकायचे न्हाईत."

मी गेले. वही घेऊन गेले.

डॉक्टर बाई चाळिशीच्या, बोलायला चटपटीत. साहेब खुर्चीवर बसले ते मुलाखत घ्यायला आल्यासारखे. बाईंनी समजावून सांगितलं. लवचिक नळी असते, टोकाला कॅमेरा असतो, ती मागच्या मार्गाने आत जाते. आतड्याच्या अस्तरावर कधी कधी छोटे कोंब उगवतात, त्यांना पॉलिप म्हणतात. बहुतेक निरुपद्रवी असतात, पण काहींचा वर्षानुवर्षांनी कॅन्सर होतो. पॉलिप लवकर दिसला तर तिथल्या तिथे काढून टाकता येतो.

"कॅमेरा समोर बघतो की बाजूला?" साहेबांनी विचारलं.

"समोर. कडेचंही बरंच दिसतं."

"आणि आतडं आतून सपाट असतं?"

"नाही काका. घड्या असतात. पडद्याला चुण्या असतात ना, तशा."

"मग चुणीच्या मागची बाजू कशी बघता?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे मला आजपर्यंत एकाही पेशंटने विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "सगळे विचारतात, दुखेल का."

"दुखणार असेल तर दुखेल. मागचं सांगा."

त्यांनी खण उघडला आणि एक पाकीट फोडून छोटीशी मऊ नळकांडी टेबलावर ठेवली. अंगठ्याच्या पेराएवढी. तिच्या अंगावर सगळीकडून रबराची बारीक बोटं फुटलेली. ही नळीच्या टोकावर टोपीसारखी बसते. आत जाताना बोटं मागे झोपतात, काही अडत नाही. बाहेर येताना ती उभी राहतात आणि एकेक घडी हलकेच दाबून सपाट करत येतात. मग घडीमागे जे दडलेलं असेल ते कॅमेऱ्यासमोर येतं.

साहेबांनी ती टोपी स्वतःच्या पेनावर बसवली. डाव्या हाताची सैल मूठ केली. पेन मुठीत सरकवलं आणि सावकाश बाहेर ओढलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा डोळे मिटून ओढलं.

"जाताना गुमान, येताना झाडाझडती," ते म्हणाले. "प्लॅनिंग, बघा तरी. माझा सगळा जन्म आरशात गेला आणि ह्यांच्याकडे हे खणात पडलंय." मग बाईंकडे वळून, "याने सगळं सापडतं?"

"सगळं सापडतं असं जो सांगेल त्याच्याकडे जाऊ नका. जास्त सापडतं. बाकी सगळं बाहेर येताना घाई न करण्यावर आणि आतडं स्वच्छ असण्यावर. ते स्वच्छ नसेल तर ही टोपी काय आणि कॅमेरा काय, सगळं वाया."

"घाण जॉब तपासायचा नाही. बरोबर आहे."

"आणि काका, एक. टेबलावर तुम्ही झोपायचं. तपासणी मी करणार."

बाहेर आल्यावर साहेब जिन्यात थांबले आणि म्हणाले, "बाई पास."

तपासणी मंगळवारी सकाळी ठरली. आतडं साफ करायच्या औषधाच्या दोन बाटल्या. त्याआधी दोन दिवस काय खायचं, काय नाही, पाणी किती, कुठली गोळी बंद, असं दोन पानी पत्रक दवाखान्याने दिलं होतं. ते मी एका पानावर आणलं. माझ्या उत्तम याद्यांपैकी ती एक होती. चौकटी, वेळा, बरोबरची खूण करायला जागा. साहेबांना दाखवायला गेले तर त्यांनी हात मागे घेतला.

"मी आता जॉब. जॉब स्वतःची शीट वाचत नाही. फायनलला द्या."

काकूंनी यादी फ्रीजवर लावली आणि अक्षरशः तशीच पाळली. बिया नाहीत, साली नाहीत, सोमवारी पेज आणि ताक. साहेब वीस वर्षं दुसऱ्यांना लावलेली शिस्त निमूट गिळत होते.

मंगळवारी त्यांना आत नेलं. मी आणि काकू बाहेर बाकावर. एवढ्या लवकर कुणी बाहेर येईल असं वाटलं नव्हतं, पण पंधरा मिनिटांत डॉक्टर बाई मास्क खाली ओढत आल्या.

"दुसरी बाटली किती वाजता दिली?"

"पाटं पाचला," काकू म्हणाल्या. "यादीत होतं तसंच."

"आज पहाटे?"

"न्हाई, काल. सोमवारी. आन् पैली संध्याकाळी." काकूंनी पर्समधून यादी काढून उलगडली. "हे काय, लिवलंय."

माझंच अक्षर. पहिली बाटली, सोमवार, संध्याकाळी ६. दुसरी बाटली, सोमवार, पहाटे ५.

मला कुणीतरी बाकावरून ढकलल्यासारखं झालं. कारखान्यात दिवस सकाळी सातला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला संपतो. मंगळवारची पहाट म्हणजे सोमवारची तिसरी शिफ्ट. उत्पादन त्याच तारखेत धरायचं. वीस वर्षं मी पहाट आदल्या दिवसाच्या रकान्यात लिहीत आले होते. हात आपोआप तिकडे गेला. साहेबांनी ती यादी नुसती बघितली असती तरी त्यांना बरोबर कळलं असतं. पण जॉब शीट वाचत नाही, आणि काकूंच्या घरात पहाट ज्या त्या दिवशीच होते.

मी बाईंना हे सांगितलं. त्यांनी यादी हातात घेतली.

"म्हणजे तुमच्याकडे पहाट आदल्या दिवसाची?"

"हो."

"मग कोंबड्याला तारीख काय सांगता?"

काकू हसल्या. मला हसायचं बळ नव्हतं. बाईंनी सांगितलं की आतड्याचा डावा भाग बराच स्वच्छ आहे, पण उजव्या भागावर थर आहे, नीट दिसत नाही. बारकाईने तपासणी बाहेर येताना करायची असते, ती न करताच त्यांनी मधेच थांबवलं होतं. पुढच्या आठवड्यात परत यायचं.

साहेब गुंगीतून बाहेर आले तेव्हा मी माफी मागायला पुढे झाले. त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. बाईंना विचारलं, "अर्धं तर दिसलं ना?"

"अर्धं दिसलं. अर्ध्यावर मी सही करत नाही."

साहेबांनी माझं मनगट धरलं. "प्लॅनिंग, ऐकलंत? माल परत पाठवला! गेटवरून!" इतकं खूश मी त्यांना निवृत्तीच्या दिवशीही बघितलं नव्हतं.

पण घरी गेल्यावर तीन दिवसांनी काकूंचा फोन आला. आवाज वेगळा होता.

"ताई, हे कशालाच बघंनात. भाकर वाढली तर उलटून न बघता खाल्ली. आन् म्हनत्यात, परत जायचं न्हाई."

मी संध्याकाळी गेले. साहेब गॅलरीत बसले होते. खाली स्टेशनात आलेली लोकल निघून जाईपर्यंत ते तिच्याकडेच बघत होते. मग एरवीची कारखान्यातली भाषा गळून पडली आणि मोशीची वर आली.

"थोरल्याला मी डबा न्यायचो. त्यो म्हनायचा, मूळव्याध हाय, चाललंय. मी म्हनायचो बरं. सगळ्या दुनियेच्या मालाच्या मागं जाऊन बघितलं मी. भावाच्या बोलन्याच्या मागं न्हाई बघितलं." त्यांनी चष्मा पुसला. "पैल्यांदा गेलो तवा कामाच्या नादात गेलो. टोपी बघितली, मजा वाटली. आता म्हाईत हाय की ती खरंच बघनार. धीर होईना."

समजूत घालणं मला जमत नाही. ते माझ्या कुठल्याच यादीत नसतं. मी जे येतं ते केलं.

"साहेब, गाडी गेटवर लागलीय. एका जॉबमध्ये बर असल्याचा संशय आहे. न तपासता सोडायची?"

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"वेळ माझ्या खात्यात. उशीर झाला तर मी बघून घेईन. सोडायची का?"

"न्हाई," ते म्हणाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, पण म्हणाले.

दुसरी यादी मी कॅलेंडर समोर ठेवून केली आणि काकूंकडून मोठ्याने वाचून घेतली. पहाट जिथली तिथे होती. साहेबांनीही वाचली, यावेळी. म्हणाले, "जॉब शहाणा झालाय."

आत तासभर लागला. साहेबांनी गुंगीचं औषध कमी मागितलं होतं, पडद्यावर बघायचं म्हणून. नर्सने नंतर सांगितलं की ते मधून मधून "थांबा, मागे घ्या" म्हणत होते आणि बाई "काका, गप" म्हणत होत्या.

दोन पॉलिप निघाले. एक डाव्या बाजूला, देठावर उभा, कुणालाही दिसला असता. दुसरा उजवीकडे, घडीच्या मागे, चपटा, हरभऱ्याच्या डाळीएवढा, अस्तराच्याच रंगाचा. रबराच्या बोटांनी घडी दाबली तेव्हा तो पुढे आला. दोन्ही तारेच्या फासाने तिथेच काढले आणि प्रयोगशाळेत पाठवले.

रिपोर्ट यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात मी घरातले सगळे कप्पे आवरले, नवऱ्याचे मोजेसुद्धा रंगाप्रमाणे लावले. रिपोर्टच्या दिवशी बाईंनी कागद वाचला, मग साहेबांकडे वळवला. देठावरचा साधा होता. घडीमागच्यात बदल सुरू झाले होते. पण वरच्यावरच होते, खोल गेले नव्हते, आणि पॉलिप कडेसकट पूर्ण निघाला होता.

"म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे आज कॅन्सर नाही. आणि तो अजून काही वर्षं तिथे राहिला असता तर बहुधा झाला असता. ठरलेल्या तारखेला परत तपासायला यायचं."

काकूंनी पदर तोंडाला लावला. साहेबांनी कागद उलटून मागची बाजू बघितली. कोरी होती.

"पहिल्या दिवशी तसंच पुढे रेटलं असतं तर?" त्यांनी विचारलं.

"देठावरचा दिसला असता. तो काढून मी म्हटलं असतं, काका, झालं, घरी जा," बाई म्हणाल्या. "आता एक काम. तुमच्या सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यायचं. मुलांनीही, त्यांची वेळ मी लिहून देते. भावंडं किती?"

"तिघे भाऊ. थोरला गेला."

"आणि तिसरे?"

साहेब कागदाची घडी घालू लागले. उत्तर काकूंनी दिलं. धाकट्याशी अकरा वर्षं बोलणं नव्हतं. वाटणीत बांध कुठून जायचा यावरून मोजणीवाल्यांसमोर दोघे भांडले होते. सामायिक बांधाच्या दोन बाजूंना उभे राहिले तरी एकमेकांकडे पाठ करून उभे राहायचे. थोरल्याच्या तेराव्यालासुद्धा शब्द नव्हता.

"मी सांगते जाऊबाईला," काकू म्हणाल्या.

"न्हाई," साहेब म्हणाले. "ती सांगंल, त्यो म्हनंल चाललंय, आन् ती म्हनंल बरं. मीच जातो."

पुढच्या रविवारी मोशीला गेलो. मला का नेलं, तर भांडण झालं तर वेळ माझ्या खात्यात. धाकटे अंगणात म्हशीला पाणी दाखवत होते. अंगाने आणि नाकाने हुबेहूब साहेब, फक्त खिशात आरसा नव्हता. त्यांनी बादली खाली ठेवली नाही.

साहेबांनी नमस्कार नाही, चमत्कार नाही, फाटकातूनच सांगायला सुरुवात केली. शौचाची तपासणी, कॅमेरा, घडी, टोपी, डाळीएवढा कोंब, सगळं एका दमात. धाकट्यांनी ऐकून घेतलं.

"जमीन मोजून झाली," ते म्हणाले, "आता आतडी मोजायला आलास व्हय?"

"व्हय."

"आन् न्हाई म्हनलो तर?"

"तर उद्या येतो. परवा येतो. मला काय उद्योग न्हाई, रिटायर हाय."

आतून त्यांची बायको बाहेर आली. तिने साहेबांना पाणी दिलं, मला दिलं, आणि नवऱ्याला म्हणाली, "थोरले कशानं गेले ते तुमाला म्हाईत हाय. न्हाई म्हना मग." बादली खाली टेकली.

धाकट्यांच्या तपासणीत काही निघालं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मला सांगायचंय ते तपासणीच्या आधीचं आहे. यादी मीच केली होती, पहाट तीनदा तपासून. ठरल्या दिवशी दवाखान्यात दोघे भाऊ बाकाच्या दोन टोकांना बसले. मधे मी आणि पाण्याची बाटली. नर्सने संमतीचा कागद आणून धाकट्यांपुढे धरला. गुंगीचं औषध देतात, म्हणून घरी घेऊन जाणाऱ्या माणसाचं नाव आणि पेशंटशी नातं लिहावं लागतं. धाकट्यांनी साहेबांचं नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मग त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'शेजारी'.

आणि कागद साहेबांकडे सरकवला, सहीसाठी.

साहेबांनी चष्मा लावला. वरपासून वाचलं. 'शेजारी'शी आले, थांबले. मला वाटलं, आता झालं. पण त्यांनी खिशातून पेन काढलं, त्या शब्दावर कारखान्यात मारत तशी एक सरळ रेघ मारली आणि वर 'भाऊ' लिहिलं. दुरुस्ती केली की शेजारी सही आणि तारीख टाकायची असते. तीही टाकली. मग खाली सही केली आणि कागद परत केला.

धाकट्यांनी तो वाचला.

"अक्षर अजून तसलंच गिचमिड हाय तुजं," ते म्हणाले.

"वाचता आलं न्हवं?"

"आलं," धाकटे म्हणाले, उठले, हातातलं घड्याळ काढून साहेबांच्या हातात दिलं आणि नर्सच्या मागून आत गेले.